कठड्यापासून की जमिनीपासून

३ नोव्हें., सोम. चाळीसगाव
या कामात माझ्या हातचं: पाणी मोजायची दोरी (तीस मीटर, टोकाला दोन उघड्या तारा, वर दाराची घंटी, पाण्याला टेकली की वाजते). पत्र्याचे पर्जन्यमापक, अकरा. चोवीस विहिरींवरचे नंबर, तेलरंगात. नोंदवहीचे रकाने. आराखड्यातलं ‘यश कशावरून मोजायचं’ हे पानसुद्धा माझंच. शाळा दहावीपर्यंत. बाकी सगळं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरता भरता शिकलो.

संस्थेचा बंधाऱ्यांचा प्रकल्प, तीन वर्षांचा, संपत आला. आज शेवटची मोजणी झाली. पहिल्या वर्षी याच महिन्यात मोजलं होतं त्यापेक्षा विहिरींचं पाणी सरासरी तीन फूट एक इंच वर. जळगावला मॅडमना फोन केला. संस्था त्याच चालवतात. ‘भास्करभाऊ, पुढचा निधी पक्का!’ पुढचा निधी म्हणजे वरच्या पाड्याचे बंधारे. तिथं विहीरच कोरडी.

५ नोव्हें., बुध.
अहवालासाठी फोटो. वि. क्र. ९. विहिरीचे मालक नाना कठड्यावर बसून बिडी ओढत होते.
‘भाऊ, पह्यले तू आठे कठडावर बशीसन दोरी सोडे. आते वाकीसन कसाले मोजस?’
मी हसलो. मग हसू गेलं.
पहिल्या वर्षी कठड्यावरून मोजलं. दुसऱ्या वर्षी मीच ठरवलं, कठडे ढासळतात, खूण पक्की हवी. जमिनीलगत लाल पट्टा मारला, तिथून मोजू लागलो. पद्धत सुधारली. पहिल्या वर्षीच्या आकड्यांतून कठड्याची उंची वजा करायची राहिली. दोन वर्षं ती वही रोज हाताळतोय.
नाना वर म्हणतात, ‘आमनी इहीरमा पानी व्हतं तितलंच शे. तुना कागदमा वाढनं व्हई.’
क्र. ९ चा कठडा: दोन फूट दहा इंच.

६ नोव्हें., गुरु.
सगळे कठडे मोजले. सतरा उभे, सात पडलेले. त्या सातांचं आता काहीच सांगता येत नाही. सतरांची सरासरी उंची दोन फूट नऊ इंच.
म्हणजे खरी वाढ चार इंच. एवढी तर एका बऱ्या पावसातही.
जेवलो नाही.

८ नोव्हें., शनि.
वरचा पाडा. का गेलो माहीत नाही. कमलअक्का हंडा घेऊन खालच्या गावातून चढत होत्या. धापा टाकत, पण थांबल्या.
‘भाऊ, आमना नंबर कव्हय?’
लवकरच, म्हणालो.
‘खालन्या बाया तं मजामा शेतस. पह्यले संक्रांतलेच टँकर ये, औंदा होळीलोंग पानी पुरनं त्यासले.’
मग बंधाऱ्यांनी काम केलंय! चार इंचांत न दिसणारं. पण या गोष्टीला वहीत रकाना नाही. आराखड्याच्या बैठकीत बाया हेच म्हणत होत्या, विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पुरते ते लिहा. मी म्हणालो, आठवणीवर आकडा बसत नाही, दोरीवर बसतो. मॅडमनी माझं ऐकलं.
त्या दिवशी माझं कुणी ऐकलं नसतं तर...

११ नोव्हें., मंगळ. जळगाव
मॅडमना सगळं सांगितलं. कठड्यांचा तक्ता दिला. त्यांनी शांतपणे वाचला.
‘यात खोटं कुठं आहे? दोन्ही आकडे तुमच्याच अक्षरातले आहेत.’
म्हटलं, होळीचं लिहू या.
‘सुरुवातीची नोंद कुठाय त्याची?’
नाही.
‘आराखड्यात नसलेलं यश अहवालात कसं घालू, भास्करभाऊ? आणि चार इंच पाठवले तर पाडा गेला. कमलअक्कांना तुम्ही सांगणार का?’
बाई वाईट नाही. तेच अवघड आहे.

१३ नोव्हें., गुरु.
दुरुस्तीचं पत्र चारदा लिहिलं. ‘पद्धतीतील बदलामुळे’ असं आधी लिहिलं. खोडलं. ‘मोजणाऱ्याच्या चुकीमुळे’ लिहिलं. वाचवेना.
बायको, सुमन, म्हणाली, ‘घरच्या टाकीला झाकण नाही दोन वर्षं, आणि निघाले लोकांच्या विहिरी मोजायला.’ भांडायचं होतं, जमलं नाही. मग तीच जवळ बसली. पत्र वाचलं. ‘देऊन टाका.’
भाकरी थापता थापता पुन्हा: ‘पण मग अक्का अजून किती वर्षं चढणार?’

१७ नोव्हें., सोम. जळगाव
मॅडमनी अहवाल पुढे ठेवला. तीन फूट एक इंच, जाड टायपात. खाली माझं नाव, सहीची जागा. निधी देणारे गुरुवारी येतायत. माझ्या सहीशिवाय पाठवता येतो का, विचारलं. ‘येईल. पण ते विचारतील, मोजणारा कुठाय?’
सही केली नाही. पत्रही दिलं नाही, खिशातच राहिलं. चाळीसगावला परत येताना चुकून अमळनेरच्या गाडीत बसलो होतो, पाचोऱ्याच्या ऐवजी. जळगाव सोडण्याआधी उतरलो.
गुरुवारला तीन दिवस. निधी देणाऱ्यांना पत्र टपालात टाकलं तर पाडा जातो. नाही टाकलं तर...
सहीबरोबर मॅडम देत होत्या आणि मी नाकारलं, ते लिहून ठेवतो: धुळ्याचं नवीन कार्यालय, मूल्यमापन प्रमुख, कायमची नेमणूक, महिना बेचाळीस हजार.