वनाक्काचा तालुका

नांदूरघाट
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय वनाक्का,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. एक आईचा गुडघा सोडला तर. तो आपला रुसलेल्या जावयासारखा बसलाय, कितीही तेल चोळा, हलत नाही. फोन असताना या येड्याला पत्र लिहायचं कावून सुचलं, असं तू म्हणणारच. तर ऐक. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या आळीशी बोलायचं. तू स्पीकर लावतेस, ‘जेवलास का, आई कशी हाय, पाऊस हाय का तिकडं’ असं मोठ्यांदा विचारतेस आणि मी तोंड उघडायच्या आत ‘बरं ठिवते’ म्हणून मोकळी होतेस. मला जे सांगायचंय ते एवढ्यात बसत नाही. म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. तुला वाचायला वेळ लागतो, लागू दे. चार दिवस लाव, पण स्वतः वाच. मोहिनीकडून वाचून घेऊ नकोस, कारण यात तिचीही गोष्ट आहे.

तुझी ही लेक नवरात्रात आजोळी राहून गेली ना, तर आल्या आल्या तिनं मला बातमी दिली. चौथीतली पोर, पण थाट असा, जशी काही सरपंचीण झाली. ‘मामा, यंदा मी शाळंत न्हाई. मी बी चाललेय कारखान्यावर, आपल्या बारक्या पप्पूला सांभाळायला.’ मग रोज माझ्याबरोबर बालवाडीत यायची, लहान्यांच्या घोळक्यात बसायची आणि एकेक विचारायची. पप्पू लई रडला तर काय करायचं? आई उसाच्या फडात लांब असली तर? तो रस्त्याकडं पळाला तर? मी सांगत होतो आणि ती मन लावून ऐकत होती, मान डोलवत होती. सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं, की मी हिला सांगतोय त्यातलं निम्मं मला तूच शिकवलेलं आहे. तेव्हापासून डोक्यात तूच आहेस आक्का, आणि ही पोर.

तुला त्या दिवसांतलं किती आठवतं ठाऊक नाही. मला बरंच आठवतं. माजलगावच्या बाजूला कारखान्याजवळचं मोकळं रान, पाचटानं शाकारलेल्या कोप्या, पहाटेच्या अंधारात आई-बाबा कोयते घेऊन ऊस तोडायला गेलेले, आणि मी तुझ्या ताब्यात. मी चार वर्षांचा आणि तू आत्ताच्या मोहिनीएवढी. कोपीपुढची जागा तू उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्यांनी आखून घेतली होतीस. हे केज, ते धारूर, मधी खड्डा खणून तांब्याभर पाणी ओतलं की झालं माजलगावचं धरण. रेषेच्या पलीकडं रस्ता, आणि त्या रस्त्यावरून उसानं गच्च भरलेल्या गाड्या. ‘तालुक्याच्या भाईर जायचं आसंल तर वनाबाईची परवानगी लागती’ असं तू कमरेवर हात ठेवून सांगायचीस, आणि काय बिशाद होती कुणाची! शेजारच्या कोपीतल्या साखराबाईनं एकदा हे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी आपलं पोरगं सरळ तुझ्यापुढं आणून बसवलं. मग तिची जाऊ आली, मग पलीकडची. ‘वने, जरा बघ बाई हेच्याकडं’ म्हणायचं आणि चालू पडायचं. तुला जमेल का, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

रडणाऱ्या लेकराला तू कधी ‘गप बैस’ म्हणाली नाहीस. त्याच्या हातात काहीतरी द्यायचीस, उसाची कांडी, नाहीतर रिकामा तांब्या. ‘रडायचं तर रड, पर येवढं धारूरला पोचवून यी.’ ते रडत रडत निघायचं, आणि धारूरला पोचेपर्यंत आपण कशासाठी रडत होतो हेच विसरायचं. मी स्वतः असे किती तांबे वाहिलेत देव जाणे. दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांवर तू आम्हाला रंग शिकवलेस. मोळीतल्या कांड्यांवर आकडे शिकवलेस, आणि बरोबर मोजलं की ती कांडी खायला. हिशोबात मी पक्का कावून झालो, तर त्या कांड्यांपायी. गोड लागायचं गं शिकणं.

पुढं बारावीनंतर मी पोलीसभरतीच्या मागं धावत होतो ते तुला माहीतच आहे. धावत होतो म्हणजे खरंच धावत होतो, आणि दर वेळी शेवटून दुसरा यायचो. दाजी अजून चिडवतात त्यावरून. त्या काळात इथल्या संस्थेच्या बालवाडीवरची बाई बाळंतपणाला गेली आणि खाऊची पोती उतरवायला मला बोलावलं. मी पोतं टाकून निघालो होतो. तेवढ्यात दारात एक पोरगी हंबरडा फोडून रडायला लागली, आई सोडून गेली म्हणून. सगळ्यांनी तिला घेऊन बघितलं, खाऊ देऊन बघितलं. माझ्या हातात पाण्याचा रिकामा जग होता, तो मी तिच्या हातात दिला आणि म्हणालो, रडायचं तर रड, पण एवढा त्या खिडकीपाशी ठेवून ये. गेली की! ठेवून आली, परत माझ्यापुढं उभी राहिली, आता काय नेऊ म्हणून. त्या क्षणी मला जे वाटलं ते भरतीच्या मैदानावर कधी वाटलं नव्हतं. संस्थेच्या मोठ्या ताईंनी विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हणालो, बहिणीकडं. उद्यापासून येता का, म्हणाल्या. तो उद्या अजून चालूच आहे.

गावानं मला काही कमी छळलं नाही. बाप्या माणूस असून लेकरांची शेंबडं पुसतो म्हणे! पारावरचे बबनराव तर मला बघितलं की ‘अंगदबाई आल्या’ म्हणून ओरडायचे. लग्न जमवणाऱ्यानं विजयमालाच्या घरी ‘पोरगा शिक्षणखात्यात हाय’ असं ठोकून दिलं होतं. मीच बघायच्या दिवशी खरं बोलून टाकलं, म्हटलं नंतर पाटावरून उठून जाण्यापेक्षा आत्ताच उठू. सासरे गोरेमोरे झाले. तर ही आतून विचारते कशी, लेकरं तुम्हाला भितात का? मी म्हणालो, न्हाई, मीच भितो त्यांना. झालं, जमलं. आता कधी मला ताप आला तर तीच बालवाडी सांभाळते, आणि माझ्यापेक्षा बरी सांभाळते असं लेकरांचं मत आहे.

आणखी एक सांगायचं राहिलंय. गेल्या चैत्रात कारखाने बंद झाले, माणसं गावी आली आणि आमची लेकरंही परत आली. एके दिवशी मी गोष्ट सांगत होतो, अगदी रंगात आलो होतो, आणि बबनरावांनी दारापुढं ट्रॅक्टर उभा करून हॉर्न दिला. गोष्ट अर्धी टाकून तिघं-चौघं उठली. एकानं खाऊची ताटली घेतली, एकानं बसायचं पोतं गुंडाळलं, एका पोरीनं धाकट्या भावाचा हात धरला आणि सगळी ओळीनं दारात जाऊन उभी. मी तापलो. ‘बसा खाली, कुणी उठायला सांगितलं?’ म्हणून ओरडलो. कुणी बसेना. कुणी रडेना पण. नुसती ट्रॅक्टरकडं बघत उभी, चढवायची वाट बघत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फडावरून फडावर जाताना असाच हॉर्न वाजतो, आणि त्या वेळी जो मागं राहील तो राहिला. माझंही तसंच व्हायचं की, हॉर्न वाजला की तुझा झगा धरून लटकायचो! आणि तू काय करायचीस, आठवतंय? आम्हाला एकामागं एक बसवून सदऱ्याची टोकं धरायला लावायचीस, तोंडानंच हॉर्न द्यायचीस, आणि गाडी सगळा तालुका फिरून ज्याच्या त्याच्या आईपाशी आणून सोडायचीस. मी तेच केलं. बालवाडीतून गाडी काढली, बबनरावांच्या ट्रॅक्टरला वळसा घातला, आणि प्रत्येकाला त्याच्या पोत्यावर आणून उतरवलं. बबनराव बघत होते. त्यानंतर त्यांनी दारापुढं हॉर्न दिला नाही, आणि अंगदबाई म्हणायचंही सोडलं.

बीडला प्रशिक्षण होतं तेव्हा तिथल्या मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या पहिल्या शिक्षिका कोण? बाकीच्यांनी आपापल्या शाळेतल्या बाईंची नावं घेतली. मी तुझं घेतलं. कोपी, वाढ्याची रेषा, धरण, सगळं रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या गं तुझ्या नावाला! मॅडमनी डोळे पुसले. मी दिवसभर छाती काढून हिंडत होतो. पण या नवरात्रात मोहिनी माझ्याशेजारी बसली, तिच्या कमरेएवढं एक लेकरू तिनं कडेवर घेतलं आणि ती एका बाजूला वाकून गेली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, माझ्या त्या पहिल्या बाईंचं वय काय होतं हे बीडला कुणीच विचारलं नाही.

मी आईला विचारलं, आक्काची शाळा कधी सुटली. आई गुडघा चोळता चोळता म्हणाली, ‘वना तिसरीत वर्गात पैली आलती. गुर्जी दोनदा घरला आलते, पोरीला नेऊ नगा म्हणून.’ हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला एवढंच माहीत, की मी सहा वर्षांचा झालो तेव्हा तू बाबांना आडवी आलीस. ‘अंगद्या शाळंत जाईल. तेच्या वाटचं मी करते.’ युसूफ वडगावच्या मावशीला तू आधीच पटवून ठेवलं होतंस, बाबांना नाही म्हणायला जागाच ठेवली नाहीस. मी मावशीकडं राहून शाळेत गेलो आणि तू त्या वर्षी हातात कोयता धरलास. आक्का, मला जे काही येतं ते तुझ्यामुळं. माझ्या बालवाडीतलं लेकरू हसतं तेही तुझ्यामुळं. हे तुला कधी तोंडावर म्हणालो नाही, म्हणजे म्हणायला गेलो की तू ‘चल येडा’ म्हणून उठून जातेस. आता पत्रातून कशी उठून जाशील?

मी तुला बोल लावायला लिहीत नाही. तू आणि दाजी दोघं फडात असणार, पप्पू दुडूदुडू पळायला लागलेला. त्याला एकट्याला कुठं ठेवणार? मोहिनी नसेल तर पाणी कोण भरणार, तुम्ही यायच्या आत भाकरी कोण थापणार, हेही मला समजतं. तू याच्यावर किती रात्री जागली असशील तेही समजतं. म्हणून नुसतं ‘मोहिनीला नेऊ नको’ असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. बोलायला काय जातं?

तर आता खरं काम सांगतो. मी मोठ्या ताईंशी बोललोय. दिवाळीनंतर आमची अर्धी लेकरं तुमच्यासारख्यांबरोबर कारखान्यावरच जाणार, मग मी इथं रिकाम्या पोत्यांना गोष्टी सांगत बसू का? ताई ‘जा’ म्हणाल्या. जी मागं राहतील त्यांना विजयमाला बघेल. मोहिनीनं इथं राहायचं, आईपाशी झोपायचं, इथल्या शाळेत चौथी पुरी करायची. हेडमास्तरांनी हो म्हटलंय. विजयमालानं तिच्यासाठी कपाटातला एक कप्पा रिकामासुद्धा केलाय. भाऊबीजेला मी येतो. ओवाळून झालं की मोहिनीला माझ्याबरोबर नांदूरघाटला पाठव. तिला पोचवून मी माझं अंथरूण घेऊन परत येतो आणि तुमच्याबरोबर ट्रॅक्टरवर चढतो. तुझ्या कोपीशेजारी मला एक कोपी घालून द्या. साखराबाईच्या नातवंडांपासून ज्याचं कुणाचं असेल त्याचं लेकरू माझ्यापुढं आणून बसवा. पाणी मी भरीन, भाकरी मी थापीन, फक्त तिच्या आकाराला दाजींनी नावं ठेवायची नाहीत. यंदा पप्पूला सांभाळायला मोहिनी येणार नाही आक्का, मी येणार आहे.

तुझाच,
अंगद्या