डिटेक्टरवरचा लेख आणि माझं सदर

६ ऑक्टोबर, सकाळ
संपादक धर्मपाल यांचा फोन. नऊ वर्षं चाललेलं माझं विज्ञान-सदर कोणीच वाचून नाही राह्यलं म्हणे. पुढच्या लेखावर एकाही वाचकाचा फोन आला नाही, तर त्या जागी सोयाबीनचे भाव छापणार. शी! अंतरिक्षाच्या जागी सोयाबीन!

७ ऑक्टोबर
विषय सापडला. दारव्ह्याची भाची निकिता बंगलोरला अवकाश-दुर्बिणीचे इन्फ्रारेड डिटेक्टर कॅलिब्रेट करते. सध्या सुट्टीवर घरी. उद्या मुलाखत. मी मुळात मितभाषी, त्यामुळे मुलाखती चांगल्या घेतो.
शीर्षक लिहून झालं : 'अवरक्त-संवेदक-अंशशोधन-मीमांसा'. दिवस सार्थकी. सौ.ने विचारलं, हे कायचं औषध हाय? उबग आला.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ
एस.टी.त शेजाऱ्याने संत्र्याच्या साली माझ्या चपलेवर टाकल्या. किळसवाणा माणूस. मुलाखत मात्र उत्तम, दोन तास. निकिताला 'अवरक्त'ची व्युत्पत्ती सांगितली, मग वैशेषिक दर्शनातलं तेज-तत्त्व. मधूनमधून तिलाही बोलू दिलं.
तिचं म्हणणं : इन्फ्रारेड म्हणजे वस्तूची ऊब. डिटेक्टर गरम असेल तर त्याला स्वतःचीच ऊब दिसते, तारा राहतो बाजूला. म्हणून त्याला भयंकर थंड करायचं. झाकण लावून अंधाराचा फोटो काढायचा. त्यात जे उमटेल ते डिटेक्टरचं स्वतःचं, ते आकाशाच्या फोटोतून वजा करायचं. मग ज्याचा उजेड आधीच माहीत आहे अशा ताऱ्यावर ताडून पाहायचं.
बस्स. एवढ्यासाठी पीएच.डी.!
निघताना म्हणाली, मामा, तुमी मले इचाराले आल्ते का सांगाले? थट्टेखोर आहे.

९ ऑक्टोबर
लेख पूर्ण. चौदाशे शब्द. निकिताचा फोन : छापाच्या आंधी मले दाखवसान ना? दाखवतो म्हणालो. दाखवणार नाही. शास्त्रज्ञांना भाषेतलं काय कळतं?

१० ऑक्टोबर
धर्मपालांचा फोन. जिनिंगवाल्याची जाहिरात आली, जागा शंभर शब्दांचीच उरली म्हणे. जाहिरातीत कापसाचा ढीग आणि मालकाचे दात. शिसारी आली. म्हटलं, कापा, पण लेखाचा आत्मा राखा. निर्धास्त आहे.

१२ ऑक्टोबर, सकाळ
अंक अजून मिळाला नाही, पण अकरा फोन! फुलसावंगीचे किसनराव म्हणाले, भाऊ, नऊ वर्सांत पयल्यांदा तुमचं समजलं. अंधाराचा फोटो काढाचा! काय डोकं हाय राजेहो! स्तुती नम्रपणे स्वीकारली. मीमांसा खेड्यापर्यंत पोहोचली तर.

दुपार
अंक आला. शीर्षक : 'अंधाराचा फोटो'. खाली सगळं निकिताचं बोलणं. व्युत्पत्ती नाही, वैशेषिक नाही. माझं म्हणून उरलं ते 'ती म्हणाली'. तीन ठिकाणी.
धर्मपालांना फोन लावला. खूश होते. सदर चालूच ठेवू म्हणे, असंच लिहीत जा, कापाले आमी हावोच.
किळस येते या लोकांची. नाव तेवढं ठळक छापलंय. कात्रण फाईलला लावलं.