सिद्धू, येण्याआधी हे वाच

सातारा,
१९ मे १९४६

प्रिय सिद्धू,

तुझं कार्ड सांगलीच्या पत्त्यावरून फिरून इथं मिळालं. तू सुटलास हे मी मास्तरांच्या कानाशी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. उजवा आता चालत नाही. तुला हे तुरुंगात कुणी कळवलं की नाही, ठाऊक नाही. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी दात घासता घासता याकोबमास्तर मोरीपाशी खाली बसले, ते आपल्या पायांनी उठलेच नाहीत. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. मनुबाई म्हणते, त्यांना सगळं समजतं. आपल्याला समजत नाही, तेवढंच.

तेव्हापासून दर शनिवारी मी सांगलीहून गाडी धरतो, सातारा रोडला उतरतो, तिथून मोटारीनं गावात येतो. रविवारी मास्तरांना आंघोळ घालायची, दाढी करायची, पाठीला तेल लावायचं, आणि सोमवारी परत. आता सुट्टी लागली म्हणून तीन आठवडे इथंच आहे. दमलोय रे. वय चौतिसाचं, पण जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. मास्तर हलके झालेत, तरी आजारी माणूस उचलायला जड लागतो. मनुबाईची कंबर धरलीय. एकानं खांदे धरायचे, एकानं पाय, असं आमचं चाललंय.

कॉलेजातल्या कामाचं काय सांगू? बुधवारच्या बायबलच्या अभ्यासवर्गाला पाच पोरं येतात, त्यातली दोन शेंगदाण्यांसाठी. तू होतास तेव्हा चाळीस यायची, त्यातली निम्मी तुझ्याशी भांडायला. ती भांडणंसुद्धा आता कुणी करत नाही. 'साहेबाचा देव' म्हणून कुणी टोमणा मारला तर मी गप्प बसतो. तू बसला नसतास.

काल मास्तरांजवळ बसलो असता मी सांगलीला पहिल्यांदा आलो तो दिवस आठवत होतो. अडतीस सालचा जून. पुण्याला बाप्तिस्मा घेऊन दीड वर्ष झालं होतं. विट्याजवळच्या आमच्या गावात आबांनी माझ्या नावानं पिंड पाडून टाकला होता. आई असती तर तिनं पाडू दिला नसता, असं मी स्वतःला सांगत असे. मिशनच्या कमिटीनं विद्यार्थ्यांतल्या कामासाठी मला सांगलीला पाठवलं. मास्तरांच्या घराच्या दारात पत्र्याची पेटी घेऊन उभा होतो. मनुबाई बाहेर आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “आवं, ह्यो तर अगदीच काडी हाय. ह्याला आदी जेवाय घाला, मग प्रार्थना करा.” मास्तर त्या वेळी साठीला टेकलेले. आयुष्यभर शाळेत शिकवून पोरांची सवय सुटली नाही म्हणून या कामात आलेले. त्यांना नि मनुबाईला मूलबाळ नव्हतं. पण मूल नसलेल्या माणसांची जी हाव असते, ती त्या दोघांत नव्हती. त्यांनी मला मुलगा मानला वगैरे काही नाही. विहिरीचं पाणी शेंदायला लावलं, दळणाला पाठवलं, चुकलो तर रागावले. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की दीड वर्षात माझ्यावर कुणी रागावलंच नव्हतं. सगळे माझ्याशी फार सांभाळून वागत होते.

मग चाळीस साली तू आलास. लहानपणापासून साताऱ्याच्या मिशन बोर्डिंगात वाढलेला. आई कोण, बाप कोण, काही ठाऊक नाही, आणि त्याचं दुःखही नाही. पहिल्याच रात्री जेवताना तू मनुबाईला विचारलंस, “घरात पोरांनी ताटं घासायची आस्त्यात का न्हाई? बोर्डिंगात घासायचो.” ती म्हणाली, “घरात भांडून घासायची आस्त्यात.” त्यावर तू आणि मी दोन वर्षं रोज भांडलो.

माझा विषमज्वर तुला आठवतच असेल. एकवीस दिवस. मला त्यातले थोडेच आठवतात. तू कपाळावर पट्ट्या ठेवताना झोपी जायचास आणि ओला हात माझ्या नाकावर पडायचा, हे मात्र पक्कं आठवतं. कृष्णातदादाची गोष्ट तू मला नंतर सांगितलीस. माझा सख्खा थोरला भाऊ गूळ घेऊन सांगलीच्या पेठेत आलेला. मनुबाईनं त्याला हुडकून काढलं आणि अडत्याच्या दुकानात चारचौघांत विचारलं, “आवं पाव्हणं, भाऊ तापानं फणफणतोय तुमचा. बगून तरी जावा.” दादा म्हणाला, “माझा भाऊ चार वरसांमागं मेला, बाई.” यावर ती म्हणाली, “मग आमचा जगला तर आमचाच. परत मागाय येऊ नगा.” तू हे सांगताना हसत होतास. मी भिंतीकडे तोंड केलं, पण त्या दिवशी मी फार सुखात होतो, सिद्धू. हे तुला कधी बोललो नाही.

बेचाळीसच्या ऑगस्टात कॉलेज बंद पडलं. तू म्हणालास, आपल्या वर्गातली पोरं रस्त्यावर आहेत आणि आपण त्यांना स्तोत्रं शिकवत घरात बसायचं? मी म्हणालो, आपलं काम वेगळं आहे. वडूजला मोर्चावर गोळ्या चालल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात तू भूमिगतांच्यात जायला निघालास. मास्तरांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मनुबाईनं भाकऱ्या बांधून दिल्या. मी आतल्या खोलीत पुस्तकं लावत बसलो. मला राग तुझ्या मार्गाचा आला नव्हता. ज्या घराबाहेर मला दुसरं घर नव्हतं, ते तू इतक्या सहज सोडून जाऊ शकतोस, याचा आला होता.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. नोव्हेंबरात कमिटीचा कागद आला. त्यात लिहिलं होतं की सिद्धू हा बेजबाबदार माणूस असून त्याच्याशी आमचा काडीचा संबंध नाही, आणि तो आमच्याकडे आल्यास आम्ही पोलिसांना कळवू. सगळ्या कामकऱ्यांनी सही करायची. मास्तरांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “यात व्याकरणाच्या तीन चुका आहेत. पण त्या सुधारल्या तरी मला सही करता येणार नाही.” एवढंच. दोन महिन्यांत त्यांचं काम गेलं, घर सोडावं लागलं. ती दोघं साताऱ्याला या दोन खोल्यांत आली. मास्तर छापखान्यात मुद्रितं तपासू लागले, वयाच्या पासष्टाव्या वर्षी.

मी सही केली. तुला वाटत असेल, जुलमानं केली असेल. नाही. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसलो होतो. मास्तर माझ्या शेजारी होते. निघताना मनुबाईनं मला लोणच्याची बरणी कुठे आहे ते सांगितलं आणि पावसाळ्यात उघडी ठेवू नकोस म्हणाली.

मग त्या घरात मी एकटा राहिलो. तिन्ही खोल्या माझ्या, विद्यार्थ्यांतल्या कामाचा प्रमुखही मीच. आज मी जे शनिवारचे हेलपाटे घालतो, त्यात माया आहे, पण सगळी मायाच आहे असं म्हणवत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहितो. तू कार्डात लिहिलंयस, ‘त्रेचाळीसच्या एप्रिलात मी घरी आलो होतो, दार बंद होतं, नाथा दौऱ्यावर गेला असणार. तो असता तर मी पकडला गेलो नसतो.’ सिद्धू, मी दौऱ्यावर नव्हतो. दुपारचे चार वाजले होते. मी आतल्या खोलीत होतो. तू मागच्या दारानं आलास, दोनदा कडी वाजवलीस आणि म्हणालास, “नाथा, मी हाय रं. ताप चढलाय लय.” तुझा आवाज मी ओळखला. दोन दिवसांपूर्वीच पोलीस येऊन दम देऊन गेले होते. मी उभा राहिलो, पण पाऊल उचललं नाही. तू थोडा वेळ दाराला टेकून बसलास. तुझ्या धापा मला ऐकू येत होत्या. मग तू गेलास. माधवनगरच्या वाटेवर झाडाखाली तापात पडलेला पोलिसांना सापडलास, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पेत्रानं प्रभूला नाकारलं तो भाग मी पोरांना किती वेळा शिकवला असेल. पण पेत्राला निदान कुणीतरी ‘तू त्याचाच शिष्य ना?’ असा प्रश्न विचारला होता. मला कुणी काही विचारत नव्हतं. फक्त दार उघडायचं होतं. तुझं कार्ड आलं, त्या आठवड्यात मी हे मनुबाईला सांगितलं. ती गहू निवडत होती. निवडतच राहिली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, “तीन वरसं ह्ये पोटात ठिवून माझ्या हातचं जेवत हुतास व्हय रं?” दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आतून हाक आली, “नाथा, मास्तरांस्नी कुशीवर वळवायचंय, ये.” मी गेलो. तिनं खांदे धरले, मी पाय धरले. ती म्हणाली, “सिद्धूला तूच लिव. मी मदी पडणार न्हाई. आन् त्यो आला तर तू पळून जायाचं न्हाई.” म्हणून लिहितोय. सांगलीला जाऊ नकोस, तिथलं काम मी या महिन्याअखेर सोडतोय. साताऱ्याला ये, तुझे मास्तर इथं आहेत. मी इथंच असेन. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, पण मास्तरांना उचलायला तिसरा माणूस लागतो, आणि मनुबाईला आता खरंच होत नाही.

तुझाच,
नाथा