आतून लागणारी कडी

मी, बस थांब्यासमोरच्या दुकानात कुलपं दुरुस्त करणारा आणि किल्ल्या घडवणारा कारागीर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. गरज वाटली नव्हती, लेक होती.

१. माझ्या मालकीचं राहतं घर, दुकान विकून येईल ती रक्कम आणि बँकेतली ठेव एका विश्वस्त निधीकडे जावी. हा निधी मी असतानाच, याच महिन्यात सुरू होतो आहे; तो फिट येणाऱ्या, म्हणजे अपस्मार असलेल्या, मुलामुलींच्या शिक्षणासाठी आहे. विश्वस्त दोन: लेकीच्या गणिताच्या बाई आणि कोपऱ्यावरचा औषधवाला. बाईंनी लगेच होकार दिला. औषधवाला 'बघू' म्हणाला, पण तो बघू म्हणतो ते करतो.

२. घराबद्दल थोडं सांगणं भाग आहे. लेकीला लहानपणापासून फिट यायच्या. कुलूपवाल्याचं घर, आणि आत एकाही दाराला कडी नाही. सगळ्या मीच काढल्या. न्हाणीघरात गेलेल्याने मोठ्याने बोलत राहायचं, हा आमच्या घरचा नियम. आवाज थांबला की बाहेरच्याने आत शिरायचं. तिची आई होती तोवर पाढे म्हणायची, मी गिऱ्हाइकांच्या नावाने बोटं मोडायचो, लेक गाणी म्हणायची. एकदा कुठल्याशा गणिताच्या नादात ती गाणं विसरली, आणि आई नि घरी आलेली काकू दोघी दार ढकलून आत. चांगली मोठी झाली होती ती तेव्हा. संध्याकाळी दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, मला आत गप्प बसायचंय."

मी कडी बनवली. आतून लागते, बाहेरून फटीत नाणं घालून फिरवलं की उघडते. न्हाणीघराला बसवली, तिच्या खोलीलाही बसवली. नाणी चौकटींवर ठेवली. पुढे कित्येक दिवस ती उगाच कडी लावायची आणि काढायची. मी हातातलं काम सोडून ऐकत बसायचो.

३. शिष्यवृत्तीच्या अटी. लेकीला कॉलेजची शिष्यवृत्ती लागली होती. ती वसतिगृहात राहणाऱ्यांनाच मिळायची, आणि वसतिगृह फिट येणाऱ्यांना घेत नव्हतं. लेक तशीच एक कडी रुमालात बांधून घेऊन गेली आणि टेबलावर ठेवून कशी चालते ते दाखवलं. वसतिगृहाच्या बाईंनी ती नीट फिरवून पाहिली. "छान आहे गं," त्या म्हणाल्या, "पण जबाबदारी कोण घेणार?" लेक म्हणाली, मी. असं चालत नसतं, म्हणे. शिष्यवृत्ती पुढच्या नंबराला गेली. त्या बाईंना मला काही द्यायचं नाही आणि काही ऐकवायचंही नाही.

तेव्हा निधीने असं करावं. फी, पुस्तकं, औषधं आणि सोबत येणाऱ्याचं प्रवासभाडं द्यावं. हजेरी मागू नये. फिटमुळे परीक्षा हुकली तर मदत तशीच चालू ठेवून पुढच्या परीक्षेची वाट पाहावी. स्टेजवर बोलावून फोटो काढू नयेत. निधीला लेकीचं नाव देऊ नये. तिला आवडलं नसतं, आणि मला येता-जाता पाटीवर वाचवणार नाही. ज्यांना घरून ये-जा जमत नाही त्यांना माझ्या घरात राहू द्यावं.

४. धाकटा भाऊ. त्याचा घरावर डोळा आहे, हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही. हे रागाने लिहीत नाही; राग यायचा बंद झाला आहे. जेवण जातं, झोप लागते, गिऱ्हाईक हसलं की मीही हसतो. बाकी काही वाटत नाही.

लेक घरूनच कॉलेजला जात होती. एका सकाळी उठली नाही. दार आतून लावलेलं होतं. मी नाणं घातलं, अर्ध्या फेऱ्यात उघडलं. कडी चोख चालली. ती झोपेतच गेली होती. दार सताड उघडं असतं तरी हेच झालं असतं, असं डॉक्टरांनी भावासमोर सांगितलं. तरी लोक भेटायला आले तेव्हा सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "दादा, तुझ्या कडीनं घात केला." आता म्हणतो, निधीचं मी बघतो, फक्त आधी त्या कड्या काढून टाकू. चांगल्या मनाने म्हणत असेल. त्याला विश्वस्त केलेलं नाही, ते याच कारणाने. मोटारसायकल त्याला द्यावी. ब्रेक तपासून घ्यावेत.

५. हत्यारं शेजारच्या घड्याळवाल्याने घ्यावीत. नाहीतरी रोज उसनी तोच नेतो.

६. कड्या काढू नयेत. घर विकावं लागलं तर कड्या काढून नव्या जागी बसवाव्यात. जो कोणी राहायला येईल त्याने वाटलं तर आतून लावावी, भीती वाटली तर लावू नये. आत गप्प का बसलास, असं कोणी विचारू नये. सकाळी चहाच्या वेळी एकदा दार वाजवावं. उत्तर आलं नाही तर नाणं चौकटीवर आहे.

पहिली मुलगी याच महिन्यात लेकीच्या खोलीत राहायला येते आहे. खोली बघायला आली तेव्हा तिने पहिल्यांदा कडीच लावून पाहिली. मी असेपर्यंत सकाळी तिचं दार मलाच वाजवायचं आहे. हात उठेल की नाही, सांगता येत नाही. पण वाजवीन.

हे सगळं माझ्या हातचं आहे. लिहून झाल्यावर वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: कुलूपवाला

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर (सही)
२. समोरचा लाँड्रीवाला (सही, पेनही त्याचंच)

ठिकाण: माझं दुकान, शटर अर्धं ओढून
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच