अकराव्या कादंबरीची प्रुफं

४ फेब्रुवारी

प्रुफं आली. नवऱ्याची अकरावी कादंबरी. तीन लाख वर्षांनंतरचा माणूस. त्याला भाषेची गरज उरलेली नाही, कातडीला कातडी लागली की समोरच्याच्या मनातलं सगळं कळतं. पहिल्या कादंबरीत माणसाची करंगळी गेली होती, तिसरीत दात, सहावीत झोप. उत्क्रांतीनं एवढं सगळं नेलं, पण चहा अजून बायकाच आणतात. एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "तो विज्ञानाचा विषय नाही." चहा पिता पिता.

एकोणतीस वर्षं आमची पद्धत तीच. हे हातानं लिहितात, मी टाईप करते, हस्तलिखिताचा गठ्ठा दोरीनं बांधून कपाटात. टाईप करताना मी वाचत नाही. बोटं वाचतात. डोकं तिकडे साप्ताहिकातल्या माझ्या सदरात — या खेपेला कोणाची टोपी उडवायची. गोष्ट मला कळते ती प्रुफांत. तीही मीच तपासते. स्वतःचं छापलेलं ह्यांना बघवत नाही.

५ फेब्रुवारी

नवव्या प्रकरणात बिनसलंय. नायिका नदी ओलांडते. पुढच्या पानावर तीच नदी पुन्हा ओलांडते, त्याच वाक्यांत. मग वस्तूंची नावं गळायला लागतात. "तिनं ते उचललं आणि त्याच्यावर ठेवलं." काय? कशावर? दहाव्यात काही वाक्यं क्रियापदापर्यंत पोचतच नाहीत.

दोनदा वाचलं. मग भांडी घासली.

६ फेब्रुवारी

अण्णांचं, माझ्या सासऱ्यांचं, असंच सुरू झालं होतं. आधी चमच्याला "ते" म्हणायचे. शेवटी शेवटी मला. हे आता बासष्टचे.

वाटलं, रडू येईल. वाट पाहिली. नाही आलं. दाराच्या मागचं ते कपडे अडकवायचं तुटलंय, ते दुरुस्त करायला हवं, एवढंच मनात आलं.

गठ्ठा सोडून ताडून बघावं का? कशाला! माझी बोटं समोर असेल तेच मारतात.

८ फेब्रुवारी

प्रकाशकाचा फोन. त्यानेही प्रुफं वाचलीत.

"वहिनी, दादांनी कमाल केली. माणसाची भाषा झडत जाते तशी कादंबरीचीही झडत जाते. असं धाडस या वयात? नववं प्रकरण वाचून मी गार पडलो. तुम्ही एका स्वल्पविरामाला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

"बरं," म्हटलं.

"वीसला छपाईला टाकतो. प्रकाशनाला शंभरेक लोक तरी बोलवू."

माणसाचं डोकं ओसरत चाललंय आणि आम्ही त्याला शैली म्हणायचं. काय सुरेख विषय होता सदराला. घरातच निघाला, म्हणून वाया.

पण त्या शंभरांतला कोणीतरी उठून विचारणार — हे नववं प्रकरण सुचलं कसं? हे म्हणणार, कुठलं? आणि पुस्तक उघडून बघणार. सगळ्यांसमोर.

वीसच्या आत ह्यांना सांगायला हवं. कसं, ते माहीत नाही.

११ फेब्रुवारी

तीन दिवस पाळत ठेवली. चष्मा स्वतः शोधला. गॅस बंद केला. नऊ वर्षांपूर्वीचं एक भांडण तारखेसकट उकरून काढलं, माझी वाक्यं माझ्यापेक्षा चांगली म्हणून दाखवली. जुनं शाबूत राहतं म्हणतात. नवंच जातं.

साप्ताहिकाचे संपादक फोनवर हसत होते. "ताई, हा लेख आपण गेल्या आठवड्यात छापलाय की. वाचकांना इतकं गृहीत धरू नका." चुकीची फाईल गेली. या काळजीत दुसरं काय होणार.

१४ फेब्रुवारी

रक्तदाबाचं निमित्त करून ह्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंना आधी फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी पाच शब्द सांगितले, मध्ये शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, मग शब्द विचारले. ह्यांनी पाचही सांगितले. उलट्या क्रमानं. वर बाईंना ऐकवलं, "अक्कलदाढेचं पुढे काय होणार, तुम्हाला माहितीये का?" वीस मिनिटं. बाहेर पेशंट खोकत होते.

कोपऱ्यात बसून मलाही तीन आठवले. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

बाई हळूच म्हणाल्या, "मला तरी काही दिसत नाही." हुशार माणसं लपवतात, मी म्हटलं. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

१६ फेब्रुवारी

हे परवापासून लिहायला बसले नाहीत.

१७ फेब्रुवारी

जेवताना म्हणाले, "रक्तदाब बघायला पाच शब्द लागत नाहीत. अण्णांनाही तेच विचारलं होतं, मी होतो तिथे. मला काय झालंय?"

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे काय ते मला एकोणतीस वर्षांत कळलंय."

ताट उचलून ठेवताना दोन्ही हातांनी धरलं होतं, फुटायचं ताट नव्हतं तरी. मी बघत होते. आत काहीच हललं नाही. आपण फळी असल्यासारखं.

१८ फेब्रुवारी

प्रकाशक पुन्हा. आतल्या पानावर लेखकाचं हस्ताक्षर छापायचंय. "नवव्यातलंच पान द्या, वहिनी. जिथे नावं गळतात तिथलं." उद्या गठ्ठा काढते म्हटलं.

१९ फेब्रुवारी

गठ्ठा सोडला. नवव्या प्रकरणात नदी एकदाच आहे. तिनं दगड उचलला आणि आईच्या थडग्यावर ठेवला. दहाव्यात प्रत्येक वाक्याला क्रियापद आहे. ह्यांचं अक्षर नेहमीसारखं, टपोरं. एक शब्द गाळलेला नाही. प्रुफं शेजारी ठेवून दोन्ही प्रकरणं बोटानं ओळ ओळ ताडली.

ह्यांच्या खोलीत गेले. रिकाम्या कागदासमोर बसले होते.

"अहो, उद्या पुन्हा बाईंकडे जायचंय."

"आता आणखी काय झालंय मला?"

"तुम्हाला नाही."