घासायची वडी खाण्याच्या यादीतून काढण्याबाबत

दि. २१ जानेवारी २०२६

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
प्लास्टिकमुक्त गृहोद्योग मेळावा, ठाणे.

विषय : भांडी घासायची वडी खाद्यपदार्थांतून वगळून गाळा मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. १६ जानेवारीचे पत्र (शेरा : ‘चव कडवट, सुधारावी’).

महोदय,

१. अर्जदार सौ. संचिता काळुराम भोईर, राहणार आंबिवली, यांचा अकरा बायकांचा बचत गट रिठा व लिंबाच्या सालीची भांडी घासायची वडी बनवतो. आपल्या फॉर्मवर वस्तूच्या नावाला जागा दोन शब्दांची, म्हणून त्यांनी ‘लिंबाची वडी’ लिहिले. इथेच माशी शिंकली.

२. वडीचे वेष्टन अर्जदारांच्या सासूबाई गंगुबाई यांचे. पळसाचे पान दुमडून केळीच्या सोपटाने बांधायचे, वर फुलासारखी गाठ. ती गाठ बसवण्यात त्यांचा अख्खा पावसाळा गेला. नमुने भोगीच्या दिवशी जमा केले, ते आपल्या कार्यालयाने संक्रांतीला तिळगुळासोबत वाटले. आपल्या समितीच्या एका सदस्यांच्या तोंडाला फेस आला, याचे अर्जदारांना मनापासून वाईट वाटते. मात्र फेस आल्यावरही त्यांनी वडी संपवली कशाला, हे समजत नाही.

३. त्यानंतर खाद्यपदार्थाचा परवाना मागण्यात आला. अर्जदारांनी दोनदा ठाण्याला येऊन, वडी भांड्यांची आहे हो, असे सांगून घसा कोरडा केला. त्यावर सूचना मिळाली की साबण असल्यास साबणासारखा दिसावा, चकचकीत प्लास्टिकमध्ये आणावा. प्लास्टिकमुक्त मेळाव्यात! आता कपाळ बडवून घ्यावे की काय?

४. शनिवारपर्यंत निर्णय न झाल्यास गाळा दुसऱ्या गटाला जाईल. गाळ्यासाठी ‘वेष्टन : गंगुबाई’ अशी पाटी रंगवून तयार आहे. रेशनकार्ड सोडता सासूबाईंचे नाव आजवर कुठे लागलेले नाही. त्या रोज पाटी पुसतात आणि कधी निघायचे ते विचारतात. ‘उद्या’ म्हणून म्हणून अर्जदार आता थकल्या आहेत.

५. सबब, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता गंगुबाई स्वतः येऊन आपल्या कार्यालयातील सगळे कप घासून दाखवतील. याहून मोठा पुरावा अर्जदारांपाशी नाही. कृपया त्यांना बाहेर बाकावर बसवून ठेवू नये.

आपली, अजून तरी नम्र,
सौ. संचिता काळुराम भोईर

सोबत : वडीचे नमुने, दोन. एक घासण्यासाठी. दुसरी, पहिली कोणी खाल्लीच तर.