बैठकीतला फ्रीज

तात्या,

आज बारामतीला फ्रीज बघायला गेले होते. माझ्या लेकीला नोकरी लागलीय, तुम्ही तिला पाहिलं नाही. पहिल्या पगारातून मला काहीतरी भारी घ्यायचं तिच्या मनात आहे. तिने दाखवला तो फ्रीज चार दारांचा होता, बाहेरूनच गार पाणी देणारा, आणि किंमत अशी की ऐकून मी आधी खुर्ची शोधली. दुकानातल्या पोराने सगळं कौतुक सांगून झाल्यावर मी एवढंच विचारलं की खालच्या कप्प्यात ठेवलेली औषधाची बाटली गोठत तर नाही ना. तो गोंधळला. लेक म्हणाली, "आई, एवढे पैसे घालावेत का, तूच सांग." मी विचार करून सांगते म्हणाले आणि एसटीने इंदापूरला परत आले. विचार कसला करायचा, तीस वर्षं तोच तर करतेय.

आपल्याकडे फ्रीज आला ते साल डाळिंबाला चांगला भाव मिळाल्याचं. टेम्पोतून उतरवला तेव्हा निम्मं वडगाव निंबाळकर दारात उभं होतं. दोन दारांचा, गर्द तांबडा. तेवढ्या पैशांत दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या, असं चुलते बोललेही, पण तुम्ही त्या दिवशी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. आईने स्वयंपाकघरातला कणगीशेजारचा कोपरा सकाळपासून मोकळा करून, पुसून ठेवला होता. तुम्ही दारातूनच म्हणालात, "हितं चुलीच्या धुरात काळा करायला आणलाय व्हय? बैठकीत ठिवा." मग तो बैठकीत, दिवाणाच्या शेजारी, लाकडी स्टँडवर उभा राहिला. आईने त्याला हळदकुंकू लावलं आणि पदर सावरून आत गेली. पुसलेला कोपरा पुढे कितीतरी दिवस तसाच रिकामा होता.

आपल्या घरात बैठकीत पुरुषमाणूस असला की बायकांनी तिथं पाऊल टाकायचं नाही, आणि बैठकीत पुरुषमाणूस नाही असं कधी व्हायचं नाही. डेअरीची माणसं, सोसायटीची माणसं, नुसतीच चहाला आलेली माणसं. त्यांना तुम्ही स्वतःच्या हाताने गार पाण्याच्या बाटल्या काढून द्यायचात. दार उघडायचात तेही सावकाश, आतला दिवा सगळ्यांना दिसावा म्हणून. दूध, दही, कोथिंबीर मात्र आत चुलीपाशी. उन्हाळ्यात दूध नासलं की तुम्हीच आईवर ओरडायचात, घरात एवढी वस्तू असून ही बाई दूध नासवते म्हणून. ती नासलेल्या दुधाचं भांडं उचलून मागच्या दारी जायची. मला मात्र तुमचा इतका राग यायचा की ताटावरून उठून जावंसं वाटायचं. उठले कधीच नाही म्हणा.

मग आईला साखरेचा आजार निघाला आणि बारामतीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. मी बारावीला होते, म्हणून कंपाउंडरने सगळं मला समजावलं. सुई कशी भरायची, जेवणाआधी किती वेळ द्यायची. बाटली गार ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. "एकदा बर्फ झाला की ते औषध न्हाय ऱ्हात, नुसतं पाणी. टाकून द्यायचं," असं त्याने माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. बाटली गेली तुमच्या फ्रीजमध्ये. आता आईचं जेवण बैठक कधी रिकामी होते त्यावर ठरायला लागलं. एकदा दुपारी तिला उशीर झाला म्हणून मी माणसं बसलेली असताना गेले आणि बाटली घेऊन आले. ती माणसं उठल्यावर तुम्ही मला बोलावून घेतलंत. आवाज चढवला नाहीत. "पाव्हण्यांम्होरं आजारपण मिरवतीस? उद्या तुझी सोयरीक जुळवायची हाय मला," एवढंच म्हणालात. त्यानंतर आई दुपारी तीन तीन वाजेपर्यंत उपाशी बसायची, आणि मी दाराच्या फटीतून कोण उठतंय ते बघत राहायचे.

मला बघायला इंदापूरकडची मंडळी यायची होती तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळची वेळ आहे. तुम्ही कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा अख्खा क्रेट आणलाय आणि त्या एकेक करून फ्रीजमध्ये उभ्या करताय. मी चौकटीला धरून उभी आहे. आईच्या औषधाची नवी बाटली, कालच आणलेली, तुमच्या हाताला लागते. पाहुण्यांनी दार उघडलं तर दिसायला नको म्हणून तुम्ही ती वरच्या बर्फाच्या कप्प्यात आत सारता. मी म्हणते, "तात्या, ती तितं नगं." तुम्ही वळूनही बघत नाही. "वर जास्त गार ऱ्हातंय. जा, साडी नेस." मी जाते, साडी नेसते. पाहुणे आले ते उन्हं उतरेपर्यंत बसले. माझ्यापेक्षा त्यांनी फ्रीजच जास्त बघितला. एकाने तर दार उघडून चेहऱ्यावर गार हवा घेतली. जाताना होकार देऊन गेले. तुम्ही इतके खूश कधी दिसला नव्हता.

त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डाळिंबाच्या बागेत आईच्या पायात काटा मोडला. काटा निघाला, जखम भरली नाही. वीसेक दिवसांत पाय काळा पडला आणि पुण्याला न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी साखर बघून विचारलं, इंजेक्शन चुकत होतं का. आई म्हणाली, "न्हाय, येक बी न्हाय." तुम्ही माझ्यादेखत म्हणालात, "लपून गोड खाल्लं असंल." आईने तुमच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिने खाल्लं नव्हतं. सणाची पुरणपोळीसुद्धा तोंडाला लावली नव्हती. पाय घोट्याच्या वर कापला. घरी सोडताना बाईंनी सहज विचारलं, औषध कुठं ठेवता. फ्रीज आहे, असं तुम्ही ताठ मानेने सांगितलंत. बाई म्हणाल्या, नसता तरी अडलं नसतं, ओल्या माठातसुद्धा चांगलं राहतं. आपल्या स्वयंपाकघरात दोन माठ होते, तात्या.

आई घरी यायच्या आदल्या दिवशी चार माणसं लावून तुम्ही फ्रीज आत नेऊन ठेवलात, त्याच कोपऱ्यात. आईला पाटावर बसवलं, तिने दार उघडून आत बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आता काय ठिवू ह्यात?" तुम्ही बाहेर निघून गेलात. त्यानंतर पाचव्या वर्षी तुम्ही गेलात आणि तुमच्यामागे दोन वर्षांनी ती. लोक म्हणतात, तात्यांनी शेवटी बायकोसाठी फ्रीज आत नेला. ते ऐकून अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पण लेकीला उत्तर देता आलं नाही ते एवढ्यामुळे नाही. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी बाटली काढली तेव्हा ती दगडासारखी झाली होती. कंपाउंडरचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. दुसरी आणा म्हणायचं तर ती तुमच्या हाताने खराब झाली असं तुम्हाला, होकार आलेल्या त्या आनंदात, सांगावं लागलं असतं. मी बाटली मुठीत धरली आणि पदराखाली घेऊन बसले, पाणी होईपर्यंत. मग सुई भरली. आई म्हणाली, "आज लई गार लागतंय गं." मी म्हणाले, "फ्रीजातलं हाय न्हवं." बाटली संपेपर्यंत रोज दोन वेळा तेच पाणी मी तिला टोचलं. आणि तुम्ही तिच्यावर गोड खाल्ल्याचा आळ घेतलात तेव्हा मी शेजारीच उभी होते.

खरं तर मी आज आईला लिहायला बसले होते. तिला हाक घातली आणि पुढे एक अक्षर उमटेना. तो कागद फाडला आणि दुसरा घेऊन तुमच्या नावाने सुरू केला. तुमच्यावर रागावणं मला सोपं जातं.